आठ मिनिटे वीस सेकंद

साहेबांनी मोठ्या हौसेने लिहिलेल्या ‘दहा मिनिटे’ या शब्दांवर वायरताईने पेन्सिलने आडवी रेघ मारली आणि शेजारी ‘ऐंशी’ असे लिहिले.

साहेब काही क्षण त्या रेघेकडेच पाहत राहिले. त्यांच्या कागदावर सहसा कोणी रेघ मारत नसे. फूटपट्टी न घेता तर नाहीच नाही.

“ऐंशी कशी? साधा भागाकार आहे. रोजचे नकाशे साठ जीबी, म्हणजे साठ हजार एमबी. नव्या लाइनचा वेग सेकंदाला शंभर. झाले सहाशे सेकंद, म्हणजे दहा मिनिटं. चौथीतलं पोरगं सांगेल.”

“चौथीतलं पोरगं इथेच चुकेल, साहेब. लाइनवाले बिट मोजतात, आपण बाइट मोजतो. आठ बिटांचा एक बाइट.”

“मराठीत सांग.”

“ते पाकळ्या मोजून सांगतात आणि आपल्याला हवी असतात फुलं. आठ पाकळ्यांचं एक फूल. त्यांच्या शंभर पाकळ्या म्हणजे आपली साडेबारा फुलं. साठ हजार भागिले साडेबारा, चार हजार आठशे सेकंद. ऐंशी मिनिटं.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि तोच भागाकार स्वतःच्या हाताने करून पाहिला. उत्तर ऐंशीच आले. आकड्यांवर ते कधी रागावत नसत, हा त्यांचा मोठा गुण होता.

“आणि आपले फेरीमामा?”

वायरताईने वही उघडली. नदीपलीकडच्या शाखेत जुने कागदी नकाशे स्कॅन होत. दुपारी बाराला दिवसाचा सगळा गठ्ठा तयार झाला की तो एका हार्ड डिस्कवर भरायचा, आणि फेरीमामांनी ती डिस्क खांद्याच्या पिशवीत घालून सायकलवरून अलीकडे मुख्य कचेरीत आणायची, अशी रीत होती. मधला पूल जुना आणि अरुंद. त्यावरून माणूस जाई, सायकल जाई. मोटारीला मात्र दोन गावांना वळसा. आता वरच्या कचेरीने नदीखालून तार टाकून नवी लाइन द्यायची तयारी दाखवली होती. अट एकच, नवी पद्धत जुनीपेक्षा वेगवान असली पाहिजे. त्यासाठी फॉर्म आला होता आणि त्यात दोनच आकडे भरायचे होते. फॉर्म शुक्रवारी जायचा होता.

“तिकडे डिस्क भरायला तेहतीस मिनिटं वीस सेकंद. सायकल चाळीस मिनिटं. इकडे उतरवून घ्यायला आठ मिनिटं वीस सेकंद. एकूण एक्याऐंशी मिनिटं चाळीस सेकंद. मामांचा वेग सेकंदाला बारा पूर्णांक चोवीस, लाइनचा साडेबारा.”

“म्हणजे लाइन जिंकली.”

“एक मिनिट चाळीस सेकंदांनी.”

“जिंकली ती जिंकली.” साहेबांनी टोपण लावून पेन खिशात ठेवले. “मामांना आवक-जावकच्या टेबलावर बसवू. छप्पन्न वय झालं. ऊन नाही, वारा नाही, आराम पडेल.”

साहेब वाईट मनाचे नव्हते. मामांचे भले होते आहे असेच त्यांना वाटत होते, आणि भले करणाऱ्याला अडवणे फार कठीण असते.

तेवढ्यात दारात सायकलची घंटी वाजली. मामा सायकल टेकवताना घंटी एकदा वाजवत. आलो, एवढाच तिचा अर्थ.

“शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला, मामा,” वायरताई बाहेर येत म्हणाली.

“एवढं नको, ताई. सायकल टिकायची नाही.” विजारीच्या पायाला लावलेली चिमटी काढत मामा सर्व्हरच्या खोलीत शिरले. पिशवीतून त्यांनी रुमालात गुंडाळलेली डिस्क काढली, संगणकाच्या मागे हात घातला आणि खिडकीबाहेर पाहत पाहतच ती जोडून टाकली. दिवा लुकलुकू लागला. “लावली. शुक्रवारी जाणार का तो फॉर्म?”

कचेरीत गुपित ठेवणे म्हणजे चाळणीत पाणी ठेवणे. वायरताईने मान डोलावली.

“टेबलावर बसवणार म्हणतात.” मामांनी रुमालाची घडी घातली, मग उलगडली, मग पुन्हा घातली. “मग दुपारी पलीकडं जावं लागणार नाही.”

“आराम पडेल ना.”

“पडेल की,” मामा म्हणाले. पण त्यांच्या तोंडावर आराम कुठे दिसत नव्हता.

ते गेल्यावर ती वही पुढ्यात घेऊन बसली. मामांवर तिचा जीव होता. सहा वर्षांपूर्वी ती इथे नोकरीला लागली, तेव्हा बायकांनी कुठे तारा ओढायच्या असतात का, असे सगळे कचेरीभर कुजबुजत होते. मामांनी काही न बोलता शिडी धरली होती. तेव्हापासून मामा म्हणजे तिचे माणूस. पण आकडा तो आकडा. माणूस आपले आहे म्हणून त्याचे सेकंद लांडे होत नाहीत.

मग तिच्या मनात पाल चुकचुकली. डिस्क तीच, नकाशे तेच. इकडे रिकामी व्हायला आठ मिनिटे, तर तिकडे भरायला तेहतीस का? आजवर तिने तिकडचा संगणक जुना म्हणून सोडून दिले होते. म्हातारे यंत्र, चालायचेच. पण साठ हजारांना दोन हजार सेकंदांनी भागले की येतात बरोबर तीस. आणि सेकंदाला तीस हा आकडा ती ओळखत होती. तो यंत्राच्या म्हातारपणाचा आकडा नव्हता. तो काळ्या पोर्टचा आकडा होता.

त्या संगणकांना मागच्या बाजूला डिस्क जोडायच्या दोन प्रकारच्या खाचा असत, काळ्या आणि निळ्या. काळी जुन्या पद्धतीची, हळू. निळी नवी, चौपट वेगाची. एखाद्याला माहीत नसले की तो कुठेही जोडतो. एवढीच गोष्ट! मामांचे घोडे पेंड खात होते ते एका काळ्या खाचेपाशी. वायरताईने आनंदाने टेबलावर थाप मारली. निळ्यात लावली की तिकडेही आठ मिनिटे वीस सेकंद, एकूण छप्पन्न मिनिटे चाळीस. लाइन तेवीस मिनिटांनी मागे!

खात्री असावी म्हणून तिने तिकडच्या संगणकाची वर्षभराची नोंद काढली. यंत्र आपली रोजनिशी स्वतःच लिहीत असते; कधी सुरू केले, कधी संपले, सगळे सेकंदांपर्यंत. रोज तेहतीस वीस, तेहतीस वीस. आणि मधेच आठ वीस. वर्षात असे अकरा दिवस निघाले.

तिने शाखेचा हजेरीपट मागवला. त्या अकराही दिवशी स्कॅनिंगच्या बाई रजेवर होत्या आणि डिस्क दुसऱ्याच कोणी तरी जोडली होती. स्कॅनिंगच्या बाई म्हणजे फेरीमामांच्या पत्नी. सगळे त्यांना मामीच म्हणत.

चला, मामींना खाच दाखवून येऊ, असे म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघून ती पुलावरून चालत पलीकडे गेली.

शाखा म्हणजे तीन खोल्या आणि मागच्या बाजूला नदीकडे उतरणाऱ्या पाच पायऱ्या. मामी हातांत सुती मोजे घालून एक पिवळा पडलेला नकाशा यंत्राच्या काचेवर पसरत होत्या. तान्ह्या मुलाचे अंथरूण घालावे तसा त्यांचा हात चालत होता. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. वायरताईला पाहून त्या हसल्या.

“आज पायी? बसा. गठ्ठा झालाच.”

बाराला पाच कमी असताना मामा आले. त्यांची घंटी वाजली. मामींनी मोजे काढले, केसांवरून हात फिरवला, डिस्क घेतली आणि संगणकाच्या मागे वाकून जोडली. वायरताई हळूच त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. डिस्क काळ्या खाचेत होती. शेजारच्या निळ्या खाचेत मात्र धूळ जाऊ नये म्हणून कापसाचा बोळा नीट बसवलेला होता.

बोळा बसवणाऱ्याला खाच माहीत नाही, असे कसे म्हणायचे?

मामींनी छोट्या कागदावर त्या दिवशीच्या एका नकाशाचा तुकडा छापून घेतला आणि त्या मागच्या पायऱ्यांवर गेल्या. मामा तिथे आधीच बसले होते. दोघांच्या मधे चहाचे दोन पेले. खिडकी उघडीच होती, त्यामुळे चोरून ऐकण्याचा आळ वायरताईवर यायला नको. तिला ऐकूच येत होते.

“आज कुठं?” मामांनी विचारले.

“आज चढ आहे. दमला असाल तर उद्या जाऊ.”

“दमायला काय झालंय? चल.”

मामींनी कागद दोघांच्या गुडघ्यांवर मिळून पसरला आणि बोट एका रेघेवरून चालू लागले.

“ही गाडीवाट. इथून डावीकडं. हे देऊळ असावं नाहीतर धर्मशाळा, अक्षर पुसलंय.”

“धर्मशाळा असली तर बरं. परतताना अंधार झाला तर?”

“होत नाही अंधार. हे बघा, इथं मोठं झाड दाखवलंय. इथं बसू घडीभर.”

“विहीर आहे का जवळ?”

“आहे, पण कोरडी. पाणी असतं तर आत ठिपका असता.”

“मग बाटली भरून घ्यायची ना निघताना! रोज सांगतो तुला.”

मामी हसल्या. एवढे खळखळून हसलेले त्यांना शाखेत कोणी पाहिले नसेल. बोट पुढे सरकले, टेकडीच्या वळशावळशांच्या रेघा चढू लागले, मामांचेही एक बोट मागून निघाले. वायरताई खिडकीपासून बाजूला झाली आणि यंत्राच्या पडद्याकडे पाहत बसली. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी भरत होती. तिला आयुष्यात पहिल्यांदा अशी पट्टी आणखी हळू भरावी असे वाटले.

तेहतीस मिनिटे वीस सेकंदांनी यंत्र टुणकन वाजले. मामांनी डिस्क रुमालात गुंडाळली, पिशवी खांद्याला लावली आणि ते निघून गेले. मामी पेले विसळून आत आल्या. वायरताई काही विचारायच्या आधीच त्यांची नजर तिच्या वहीवर गेली आणि मग संगणकाच्या मागच्या बाजूला.

“कळलं तुम्हाला,” त्या म्हणाल्या.

“मी खाच दाखवायला आले होते, मामी.”

मामी खुर्चीवर बसल्या. चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत त्या सांगू लागल्या.

“आमचं घर अडीच खोल्यांचं. सासूबाई, दीर, थोरला मुलगा, सून, त्यांची दोन पोरं आणि आम्ही. सगळी गुणाची आहेत, तक्रार नाही. पण लग्नाला एकतीस वर्षं झाली, आम्ही भांडायचं झालं तरी कुजबुजत भांडलो. एकदा या निळ्या खाचेत कुणी तरी दुसरंच काही लावून ठेवलं होतं, म्हणून मी डिस्क काळीत घातली. त्या दिवशी ती भरता भरेना. हे मागं बसले होते. मीही जाऊन बसले. दोघंच. काय बोलावं तेच सुचेना हो! नवरा-बायको आणि बोलायला विषय नाही. हातात नकाशा होता, तो दाखवला. म्हटलं, बघा, इथं कसं छान असेल. कुठं गेलोच नाही ना आम्ही कधी.”

त्यांनी दोरी बोटावरून सोडवली.

“दुसऱ्या दिवशी निळी मोकळी होती,” एवढेच बोलून त्यांनी खाली पाहिले. मग म्हणाल्या, “कामचुकारपणाच आहे तो.”

“गठ्ठा तीनला लागतो, मामी. दीडच्या आत पोचतो. कुणाचं काही अडलेलं नाही.”

“यांना काही ठाऊक नाही हं. त्यांना वाटतं, यंत्रच हळू आहे.”

आता खरे ते सांगणे भाग होते. वायरताईने वही उघडून आकडे दाखवले. काळ्या खाचेत एक्याऐंशी चाळीस, लाइनचे ऐंशी. निळ्या खाचेत छप्पन्न चाळीस. मामींचे शिक्षण बेताचे, पण नकाशे वाचणाऱ्या बाई त्या. आकड्यांची वाट त्यांना लगेच कळली.

“म्हणजे काळीत घातली तर फेरीच जाणार. आणि निळीत घातली तर फेरी राहील, पण बसणं जाणार.”

“हो.”

“इकडे आड, तिकडे विहीर.” त्या उठल्या, संगणकाच्या मागे गेल्या, निळ्या खाचेतला कापसाचा बोळा काढला आणि मुठीत धरून उभ्या राहिल्या. “निळीत घालते उद्यापासून. निदान येतील तरी रोज. आठ मिनिटांत चहा होतो की. तो गार व्हायच्या आत उठायचं, एवढंच.”

“मामी...”

“एक करा. यंत्र दुरुस्त झालं म्हणून सांगा. मी तीन वर्षं मुद्दाम असं केलं, हे त्यांना कळलं तर मला त्यांच्यापुढं मान वर करता यायची नाही. या वयात हे काय सुचलं म्हणतील.”

परतताना वायरताई पुलावर मधेच थांबली. गणित सुटले की तिला नेहमी बरे वाटे. आज गणित सुटले होते, मामांची फेरी वाचली होती, आणि तिला रडू येत होते. ज्या अर्ध्या तासासाठी फेरीचा जीव होता तोच देऊन फेरी वाचवायची. साप मेला नव्हता आणि काठी मात्र तुटली होती.

तिने कठड्यावर वही ठेवली आणि पुन्हा आकडे लिहिले. लाइनचे ऐंशी, मामांचे छप्पन्न चाळीस. मधे तेवीस मिनिटे वीस सेकंद शिल्लक. शिल्लक म्हणून ठेवून द्यायला वेळ म्हणजे काही लोणचे नव्हे. पण उगाच कुठे तरी तो खर्ची टाकणेही तिच्या स्वभावात नव्हते. खोटा सेकंद तिने आजवर लिहिला नव्हता.

आणि तिला ती आठवली, तिची स्वतःचीच जुनी टिपणी.

कचेरीत येऊन तिने फाइल उपसली. चौदा महिन्यांपूर्वी डिस्कवरून आलेला एक नकाशा अर्धा खराब निघाला होता. भरताना कुठे तरी गडबड झाली होती. नकाशांचे तुकडे जोडून मोठा नकाशा करणाऱ्यांनी तो तसाच जोडला आणि आठ दिवस एक अख्खी वस्ती नकाशावरून गायब होती. तेव्हा तिने लिहून दिले होते की डिस्क भरल्यावर निघण्याआधी मूळ आणि नक्कल संगणकाकडून ताडून घ्यावी, हे आवश्यक आहे. खाली साहेबांच्या सुबक अक्षरात शेरा होता, ‘पाहू.’ आणि त्या ‘पाहू’वर चौदा महिन्यांची धूळ होती.

ही टिपणी आज तू त्या पायऱ्या पाहिल्या नसत्यास तर काढली असतीस का? तिने स्वतःला विचारले. नसती काढली. मग टिपणी चुकीची आहे का? नाही. तेव्हाही बरोबर होती, आताही आहे. एवढ्यावर तिने मनाशी तडजोड केली आणि शाखेला फोन लावून चाचणी घ्यायला सांगितली. तो जुना संगणक सेकंदाला पन्नास एमबीच ताडून पाहू शकत होता. साठ हजार भागिले पन्नास. बाराशे सेकंद. बरोबर वीस मिनिटे.

शुक्रवारी सकाळी साहेबांनी तिचा कागद फूटपट्टी लावून ओळीओळीने वाचला.

“भरणे आठ वीस, ताडणी वीस, सायकल चाळीस, उतरवणे आठ वीस. शहात्तर मिनिटं चाळीस सेकंद. वेग तेरा पूर्णांक शून्य चार.” त्यांनी मान वर केली. “ताडणी आजवर नव्हती.”

“नव्हती, साहेब. म्हणून ती वस्ती गेली होती.” तिने जुनी टिपणी पुढे ठेवली.

आपलाच ‘पाहू’ पाहून साहेबांचे कान किंचित लाल झाले.

“आणि लाइनला नाही का लावत ताडणी? न्याय दोघांना सारखा हवा.”

“लाइन पाठवतापाठवताच ताडून घेते. तिला वेगळा वेळ लागत नाही. तिचे ऐंशीच.”

साहेबांना हे उत्तर आवडले. लपवाछपवी असती तर ती इथेच झाली असती, हे त्यांना ठाऊक होते. मग त्यांचे बोट पहिल्या ओळीवर परत आले.

“भरायला तेहतीस लागत होती ना? आता आठ कशी?”

“डिस्क काळ्या खाचेत लागत होती. आता निळीत लागेल.”

“इतके दिवस काळ्या खाचेत? कुणाचा हा गाढवपणा?”

वायरताईने एक श्वास घेतला.

“खाचांवर खूण करून देणं माझं काम होतं. मी केलं नव्हतं. चूक माझी.”

ते खरेच होते. तिचे काम होते आणि तिने केले नव्हते. साहेबांनी फूटपट्टी बाजूला ठेवली. तार येणार म्हणून त्यांनी मनातल्या मनात भिंतीवर त्या तारेची जागाही ठरवून ठेवली होती.

“सायकल जिंकली म्हणायची,” ते शेवटी म्हणाले आणि त्यांनी सही केली.

सोमवारपासून नवी रीत सुरू झाली. भरणे आणि ताडणी मिळून अठ्ठावीस मिनिटे वीस सेकंद. पूर्वीपेक्षा बरोबर पाच मिनिटे कमी. ती पाच मिनिटे वायरताईला काही करून मिळवता आली नव्हती. सकाळपासून तिला त्याची रुखरुख लागून होती.

सव्वा वाजायच्या आधीच दारात घंटी वाजली. मामा आले, चिमटी काढली, रुमाल सोडला, संगणकाच्या मागे हात घातला आणि खिडकीबाहेर पाहत पाहतच डिस्क जोडली. दिवा लुकलुकू लागला.

आणि तो दिवा पाहता पाहता वायरताई जागच्या जागी उभी राहिली. तिने पुढे होऊन संगणकाच्या मागे वाकून पाहिले. डिस्क निळ्या खाचेत होती.

आठ मिनिटे वीस सेकंद. हा आकडा तिने स्वतः किती वेळा लिहिला होता! वर्षानुवर्षे, रोज. इकडचे आठ बरोबर होते म्हणून त्या आकड्याकडे तिने कधी निरखून पाहिलेच नव्हते. इकडे डिस्क जोडणारा हात कोणाचा होता, हे तिने स्वतःला एकदाही विचारले नव्हते.

“मामा,” ती सावकाश म्हणाली, “तुम्ही निळीतच लावता.”

“काळी हळू चालते ना,” मामा सहज म्हणाले. “तुम्हीच दाखवलं होतं. नवीन आला होतात तेव्हा.”

“तिकडची पण हळूच चालते. काळी.”

“तिकडं ती लावते.” मामांनी रुमालाची घडी घातली. या वेळी ती एकदाच घातली आणि खिशात ठेवली. “तिच्या कामात मी तोंड घालत नाही.”

मग डिस्कच्या दिव्याकडे पाहत त्यांनी विचारले,

“ताई, ते नवीन ताडणीचं काढलंय... ते खरंच लागतं का हो?”

“लागतं, मामा. चौदा महिन्यांपूर्वीच लिहून दिलं होतं मी. कागद आहे.”

“मग बरं.” मामांचे खांदे सैल झाले. “तिला असं कुणी आपल्यासाठी काही केलेलं चालत नाही. लगेच परत करायच्या मागं लागते.”

“आज कुठवर गेलात?” विचारू नये ते वायरताई विचारून बसली.

मामांनी तिच्याकडे पाहिले. मग त्यांच्या मिशीखाली हसू फुटले, अगदी नव्या नवऱ्याला कोणी चिडवल्यावर फुटावे तसे.

“नदीपर्यंत. पाण्यात पाय घालणार, तोच मेलं ते यंत्र वाजलं. ती म्हणाली, उद्या जवळचा नकाशा काढते.” ते दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यावर थांबले. “तिकडं काही बोलू नका हं, ताई. तिला वाटतं, मला त्या खाचांतलं काही कळत नाही.”

“नाही बोलणार.”

मामा सायकल भिंतीला नीट लावायला बाहेर गेले. आत डिस्कचा दिवा लुकलुकत होता. किती वेळ लागणार ते ठाऊक असूनही वायरताई तो थांबेपर्यंत तिथेच बसून राहिली.